झोत रुंद, पण पसरट नको

प्रश्न : लेझर पॉइंटरचा ३ मिमी झोत साध्या भिंगांनी १८ मिमी करायचा आहे. बहिर्वक्र भिंग लावलं, पण झोत भिंतीपर्यंत पसरतच जातो. काय चुकलं?

उत्तर : एका भिंगाने हे होत नाही. लेझरजवळ आधी −२५ मिमी नाभीय अंतराचं अंतर्वक्र, त्यानंतर +१५० मिमीचं बहिर्वक्र भिंग हवं. १५० भागिले २५, म्हणजे सहापट. दोघांमधलं अंतर १२५ मिमी. मोठं भिंग निदान २५ मिमी व्यासाचं, एक बाजू सपाट असेल तर फुगीर बाजू बाहेर.

मोठं भिंग पीव्हीसी पाइपात घट्ट बसवा, लहान भिंग आत सरकणाऱ्या नळीवर. लगेच चिकटवू नका! ठिपका २ मीटरवर आणि १२ मीटरवर मोजा. दोन्हीकडे सारखा येईपर्यंत नळी सरकवा. अंतर १ मिमी चुकलं तरी या दोन मापांत सुमारे ८ मिमी फरक पडतो. ठिपका एका बाजूला ओघळलेला दिसला तर भिंग तिरकं आहे. लंबगोल ठिपका मात्र लंबगोलच राहणार, तो डायोडचा (पॉइंटरमधल्या प्रकाश देणाऱ्या भागाचा) स्वभाव.

५ मिलीवॉटपेक्षा जास्त ताकदीचा लेझर नको. रुंद झोतही डोळ्यात घेऊ नका, आकाशाकडे रोखू नका.