पहिला भाग बघून मत बनवताना

जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. ॲनिमेचा, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांचा, नवा सीझन लागला की पहिल्याच आठवड्यात डझनभर मालिका उघडायचा मोह होतो. तो आवर. एकेक भाग जेमतेम २४ मिनिटांचा असतो हे खरं, पण सलग दहा बघितल्यास की कुठली नायिका कुठल्या मालिकेतली हेच आठवणार नाही.

पहिल्या भागाच्या देखणेपणावर फार भाळू नकोस. त्यावर बहुधा जास्त मेहनत घेतलेली असते आणि खरी ओढाताण पुढे दिसते. त्यापेक्षा मांडणी बघ. संवाद नसलेल्या जागी दिग्दर्शक काय करतो? पात्रं एकमेकांशी बोलतात, की आपल्याला माहिती पुरवतात? श्रेयनामावलीही वाच. मी तर स्टुडिओच्या आधी दिग्दर्शक आणि पटकथेची जबाबदारी कोणाकडे आहे ते बघतो, कारण एकाच स्टुडिओतून उत्तम आणि रटाळ दोन्ही निघतं.

'तीन भाग बघ, मग ठरव' असं सगळे सांगतात. विनोदी मालिकेला एवढी मुदत कशाला? हसू आलं नाही तर सोड. रहस्यकथेला मात्र थोडी जास्त दे. काही निर्मात्यांनाही २४ मिनिटं पुरत नाहीत: २०२३ मध्ये 'ओशी नो को'चा पहिला भाग तब्बल दीड तासाचा होता.

आणि इतरांच्या प्रतिक्रिया वाचायच्या आधी स्वतःच्या दोन ओळी लिहून ठेव. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचलेली मंडळी पुढचं सांगून टाकतात, वर 'हा स्पॉयलर नाही' असंही म्हणतात.