रिमोटची नायट्रो बोट स्टँडवर झकास चालते, पाण्यात सोडली की बंद पडते. कार्ब्युरेटरची इंधन कमी-जास्त करणारी सुई कशी लावायची?

इंजिन ३.५ सीसीचं, बोट मामांनी दुबईहून आणलेली, ओढायच्या दोरीने हात भरून आले, आणि एवढं करून सुरू झालीच तर पाण्यात पन्नास-साठ फुटांवर गपकन बंद, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय 'घरी स्टँडवर ट्यूनिंग अगदी परफेक्ट केलं होतं' असंही. घोळ त्याच वाक्यात आहे.

स्टँडवर पंखा हवेत फिरतो, इंजिनावर भार शून्य. तिथे आवाज टणटणीत येईपर्यंत सुई आवळली की पाण्यात ती लीन झालीच, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, म्हणून समजा. पाण्यात पूर्ण थ्रॉटलवर भार येतो, इंधन जास्त लागतं, आणि बोट उठून पाण्यावरून घसरायला लागली की आरपीएम आणखी चढतात. सुईतून तेवढं इंधन येत नाही. आवाज एकदम धारदार होतो, धूर नाहीसा होतो, बोट बंद. तुमचं बहुतेक हेच होतंय. उलट रिच, म्हणजे इंधन जास्त, असती तर भडभड करत, पांढरा धूर सोडत, रडत रडत बंद पडली असती. पुढच्या वेळी बंद पडतानाचा आवाज नीट ऐका, अर्धं निदान त्यातच होतं.

लीन म्हणजे नुसतं बंद पडणं नाही. या इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि साधारण १५ ते २० टक्के तेल असतं. लुनात पेट्रोलबरोबर ऑइल टाकायचो, तसंच. वेगळं ऑइलिंग नाहीच. इंधन कमी गेलं की तेलही कमी गेलं, म्हणजे एकाच वेळी उष्णता वाढली आणि वंगण घटलं. दोन-तीनदा असं झालं की पिस्टन-लायनरची पकड जाते आणि मग सुई कितीही फिरवा, इंजिन गरम असताना सुरू होत नाही.

सुईला हात लावण्याआधी प्लग बघा. यात स्पार्क नसतो. प्लगमध्ये प्लॅटिनमची बारीक तार असते, इग्नायटरच्या, म्हणजे प्लग तापवायच्या सेलवाल्या दांड्याच्या, दीड व्होल्टवर ती लाल-नारिंगी होते, आणि इंजिन चालू झालं की मिथेनॉलच्या संगतीने तापलेली राहते. प्लग काढून इग्नायटर लावा. तार पूर्ण उजळली पाहिजे, अर्धीच उजळली तर प्लग बदला. इग्नायटरचा सेल उतरलेला असणं हे नवख्या माणसाच्या हातदुखीचं पहिलं कारण. दुसरं कारण जुनं इंधन. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळाभर अर्धवट उघड्या कॅनमध्ये राहिलेलं इंधन सरळ बाजूला ठेवा. आणि इंधन घरी मिसळायच्या भानगडीत पडू नका. मिथेनॉल विष आहे, कातडीतूनही शरीरात जातं, आणि उन्हात त्याची ज्योत दिसतच नाही.

सुरू करताना: मुख्य सुई कंपनीच्या पुस्तकात दिली असेल तेवढी उघडा. पुस्तक हरवलं असेल तर पूर्ण बंद करून अडीच ते तीन फेऱ्या उघडा, बहुतेक इंजिनं तेवढ्यावर बोलतात. कार्ब्युरेटरच्या तोंडावर हाताचं बोट ठेवून दोरी दोन-तीनदा ओढा, नळीतून इंधन कार्ब्युरेटरपर्यंत आलेलं दिसलं की थांबा. मग इग्नायटर लावून आखूड झटके, वीतभर-दीड वीत. दोरी शेवटपर्यंत ताणली की तुटते. मध्येच दोरी अडकल्यासारखी झाली तर जोर करू नका. सिलिंडरमध्ये इंधन भरलंय आणि द्रव दाबला जात नाही, तुम्ही फक्त कनेक्टिंग रॉड वाकवाल. प्लग काढा, बोट उलटी धरा, चार झटके मारा, इंधन उडून जाईल. डोळे लांब ठेवा.

पाण्याबाहेर दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका. हेड पाण्याने थंड होतं आणि ते पाणी बोट चालली तरच येतं. पाण्याबाहेर पूर्ण रेस तर अजिबात नको. मी हे स्वतः करून बसलोय. भाच्याला आवाज ऐकवायचा म्हणून बोट हातात धरून रेस दिली. ठक्क असा एकच आवाज. रॉड तुटून क्रँककेसला आतून भोक, त्यातून करंगळीचं टोक जात होतं. माझं लेथचं काम आहे, पण ती केस मलाही जोडता आली नाही.

आता खरं ट्यूनिंग, पाण्यात. सुई मुद्दाम रिच ठेवून बोट सोडा. धुराची शेपटी दिसली पाहिजे, चाल थोडी जड वाटेल, वाटू द्या. दोन फेऱ्या मारून इंजिन गरम झालं की काठावर आणा आणि सुई फेरीचा आठवा भाग आवळा, म्हणजे घड्याळाचा काटा बारावरून दीडवर जाईल एवढीच. पुन्हा दोन फेऱ्या. असं करत गेलात की एका टप्प्यावर भडभड संपून एकसुरी आवाज येतो आणि बोट मोकळी पळते. अजून थोडी आवळावी असा मोह तिथेच होतो. आवळू नका, उलट आठवा भाग मागे घ्या आणि तिथेच सोडा. धूर थोडा तरी दिसलाच पाहिजे. इंजिन नवीन असेल तर पहिल्या चार-पाच टाक्या रिचवरच जाळा.

मुख्य सुई बसल्यावरच लहान सुई, म्हणजे कमी वेगाची. बोट आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न देता, चालू असताना इंधनाची नळी चिमटीत धरा. दोन-तीन सेकंदांत आवाज किंचित चढून इंजिन बंद पडलं तर बरोबर. लगेच बंद पडलं तर लीन, बराच वेळ चढत राहिलं तर रिच.

एवढं करूनही त्याच जागी बंद पडत असेल तर सायलेंसरपासून टाकीपर्यंतची दाबाची नळी तपासा. ती सुटलेली किंवा चिरलेली असली की सुई निर्दोष असूनही इंधन कमी पडतं. हेडमधून बाहेर पडणारी पाण्याची धारही बघत जा. आपल्याकडे उन्हाळ्यात तलाव आटले की शेवाळ आणि गाळ नळीत बसतो आणि धार बंद होते. मी सिरिंजने पाणी मारून ती साफ करतो.

सोलापूरचं हवामान यात लुडबुड करतं. मेमध्ये ४३ अंशांवर हवा विरळ, म्हणून त्याच सुईवर मिश्रण रिच होतं आणि आपण ती आवळतो. जानेवारीच्या सकाळी हवा दाट, तीच सुई लीन. तेव्हा मेमध्ये लावलेली सुई जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत जशीच्या तशी वापरू नका, पाव फेरी उघडून सुरुवात करा.

जागेबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. सिद्धेश्वर तलाव आणि कंबर तलाव विसरा. आवाज लाकूड कापायच्या मशीनसारखा, पाण्यावर तेलाचा तवंग, आणि कंबर तलावावर थंडीत पक्षी येतात. हिप्परगा तलावाचं पाणी शहर पितं. शेततळं मोहात पाडतं, पण ३० मीटरचं तळं ताशी ४० किलोमीटरने जाणारी बोट तीन सेकंदांत संपवते, आणि प्लास्टिकच्या कागदावरून घसरून आत गेलेल्या माणसाला वर येता येत नाही. मी मोहोळकडे एका मित्राच्या शेतालगतच्या पाझर तलावावर जातो, गावात विचारून. बोट मध्येच बंद पडली तर पोहत जाऊ नका. गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून बोटीच्या पलीकडे फेका आणि दोरी हळूहळू ओढा, बोट लागून येते.

घरी निघण्याआधी टाकी रिकामी करा, नळी चिमटीत धरून उरलेलं इंधन जाळून टाका, प्लगच्या भोकातून आफ्टर-रन ऑइलचे, म्हणजे चालवून झाल्यावर टाकायच्या तेलाचे, चार थेंब सोडा आणि फ्लायव्हील फिरवून पिस्टन तळाशी ठेवा. वरच राहिला तर थंड झालेल्या लायनरमध्ये आवळून बसतो आणि पुढच्या रविवारी दोरी हलत नाही.

पुढच्या वेळी बंद पडली की लगेच प्लग काढून तार बघा. चकचकीत आहे, काळी-ओली आहे, की पांढुरकी होऊन वाकडी झालीय, ते इथे खाली लिहा. त्यावरून पुढचं सांगतो.