पेपर सुटतो, काय करू?

प्रश्न: मॅडम, मी बारावी सायन्सला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम. फिजिक्स-मॅथ्स जमतंय पण इंग्लिशचा पेपर हातात आला की घामच फुटतो. प्रिलिमला 80 पैकी 27 पडले, शेवटचे दोन प्रश्न लिहायलाच वेळ उरला नाही. महिनाच राहिलाय, ग्रामर पहिल्यापासून करू का?
— एक विद्यार्थी, लातूर जिल्हा

उत्तर: अरे नको! आता टेन्सपासून सुरुवात केलीस तर बोर्डाचा पेपर येईल तरी तू टेन्सवरच असशील. तुझे शेवटचे दोन प्रश्न म्हणजे काय, तर रायटिंग स्किल्स 16 आणि नॉव्हेल 16, म्हणजे 32 मार्क तू कोरे सोडून आलास आणि रडतोयस मात्र ग्रामरसाठी, जे उताऱ्याबाहेर सुटं विचारतात ते फक्त 4 मार्कांचं.

म्हणून आधी हे 32 धर. ईमेल, रिपोर्ट, इंटरव्ह्यूचे प्रश्न, अपील यांचे साचे ठरलेले असतात, रोज एक स्वतःच्या हाताने लिही, घड्याळ लावून, दहा मिनिटांत. गाइडमधलं नुसतं वाचून "येतंय" वाटतं, पेन उचललं की कळतं. नॉव्हेलचे उतारे गोष्ट म्हणून वाच, कोण कोणाला काय म्हणालं एवढं डोक्यात बसलं तरी चार ओळी लिहिता येतात.

कवितेचं अप्रिसिएशन पाठ करू नकोस प्लीज, एकाच गाइडची तीच वाक्यं सगळा वर्ग लिहितो. 4 मार्क आहेत, कविता कशाबद्दल, भाषा आणि अलंकार, संदेश आणि तुझं मत, एवढं साध्या इंग्लिशमध्ये लिही.

ग्रामरमधलं एकच सांगते कारण दरवर्षी बघते. 'नो सूनर' आलं की पोरं लिहितात 'नो सूनर डिड ही रीच्ड', अरे डिड आलं की पुढे रीच, आणि मधे 'दॅन', 'देन' नाही! हा मार्क हातचा जातो.

आणि ओरलच्या 20 ला हलक्यात घेऊ नकोस. लेखी आणि ओरल मिळून 100 पैकी 35 ला पास, त्यामुळे त्या दिवशी दांडी तर अजिबात नको. अडखळलास तरी चालेल, पण बोल.

पेपरला हवं तर रायटिंगपासूनच सुरू कर, प्रश्न क्रमांक तेवढा नीट टाक.