लष्करी कुटुंबांतली मुलं शिकतात त्या शाळांना नागरिकशास्त्रासाठी सरकार वेगळा निधी देतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टरांची बदली ठाण्याला झालीय, मुलगी आठवीत आहे, आणि अमेरिकेत सैनिकांच्या मुलांच्या शाळांना नागरिकशास्त्रासाठी पैसे मिळतात असं तुमच्या वाचनात आलं. आपल्याकडे तसं काही आहे का, हा तुमचा प्रश्न. माझे मिस्टर हवाई दलात होते. पाच पोस्टिंग झाली, त्यातली चार वर्षं आम्ही ठाण्यातल्याच कोलशेतच्या हवाई दल तळावर काढली, आणि जाऊ तिथे मी शाळेत एसएसटी, म्हणजे समाजशास्त्र विषय (इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र), शिकवलं. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सरळ उत्तर द्यायचं तर नाही. आपल्याकडे पैसा अख्ख्या शाळेसाठी येतो. केंद्रीय विद्यालयांची सुरुवातच मुळी फौजींच्या मुलांपासून झाली. १९६३ मध्ये रेजिमेंटच्या २० शाळा ताब्यात घेऊन ही योजना उभी राहिली, आणि आजही ती केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या अनुदानावर चालते. आर्मी पब्लिक स्कूलचं वेगळं. त्या लष्कराच्या कल्याण संस्थेच्या, मुख्यतः फीवर चालणाऱ्या. तुमच्या हातात येतो तो शैक्षणिक भत्ता. १ जानेवारी २०२४ पासून तो मुलामागे महिना २,८१२ रुपये ५० पैसे आहे, पहिल्या दोन मुलांसाठी. मुख्याध्यापकांचा दाखला जोडला की झालं, बिलं लागत नाहीत.

अमेरिकेतलं गणित निराळं आहे. तिथे शाळा बऱ्याच अंशी स्थानिक मालमत्ता करावर चालते. लष्करी तळाची जमीन केंद्र सरकारची, तिच्यावर हा कर लागत नाही. म्हणजे मुलं शाळेत येतात, कर येत नाही. ही तूट भरायला १९५० पासून ‘इम्पॅक्ट एड’ आहे. नागरिकशास्त्राचं तुम्ही वाचलंत ते बहुधा डिसेंबर २०१९ च्या संरक्षण कायद्यातलं असावं. आपल्या एनसीसीसारखं पथक असलेल्या शाळांना आणि संरक्षण खात्याच्या स्वतःच्या शाळांना हा विषय नीट शिकवण्यासाठी मदत द्यावी, असा प्रायोगिक कार्यक्रम त्यात घातला होता. सैनिकाच्या मुलाला हा विषय वेगळ्या कारणासाठी लागतो हे तिथे कुणाच्या तरी लक्षात आलं, याचं मला फार बरं वाटलं.

ते कारण मी वर्गात बघितलंय. आठवीला शिकवताना मी ‘वॉर्ड’ म्हटलं, तर पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “मॅम, एमएचमधला ना?” तिच्यासाठी वॉर्ड म्हणजे मिलिटरी हॉस्पिटल. तिचं चुकलं नव्हतं. कॅम्पमध्ये नळ गळला की आपण एमईएसच्या, म्हणजे लष्कराच्या बांधकाम-दुरुस्ती खात्याच्या, रजिस्टरमध्ये तक्रार लिहितो, दुपारी माणूस पाना घेऊन दारात. रस्ता, दिवे, कचरा, सगळं आत. गेटबाहेर ठाणे महापालिका आहे, तिचे प्रभाग आहेत, नगरसेवक निवडून येतात, हे त्या पोरांना पुस्तकातच भेटतं. त्यातून दर तीन वर्षांनी टीसी. एक गाव कळायला लागलं की पेट्या बांधायच्या.

म्हणून निधीची वाट बघू नका, आहे ते मागून घ्या. संसदीय कार्य मंत्रालय १९८८ पासून केंद्रीय विद्यालयांसाठी युवा संसद स्पर्धा घेतं. नववीपासूनची पन्नासेक मुलं, तासाभराची बैठक, प्रश्नोत्तराचा तास, विधेयक, विरोधी पक्ष, सगळं मुलांनीच करायचं. एका शाळेत मला “बोर्डाचा निकाल आधी” म्हणून नाही म्हणण्यात आलं, त्याचं दुःख अजून आहे. दुसऱ्या शाळेत परवानगी मिळाली. कुणाशी नजर न मिळवणारा एक मुलगा तिथे पाणीपुरवठा मंत्री झाला आणि विरोधकांना उत्तर द्यायचं म्हणून घरी आकडे पाठ करत बसला. पुढच्या वर्षी तुमची मुलगी नववीत जाईल. शाळा सुरू होताच पालकसभेत हा विषय काढा, परीक्षा तोंडावर आल्यावर काढून उपयोग नाही. निवडणूक आयोगाचे मतदार साक्षरता मंडळही शाळेत असायला हवे. ते २०१८ पासून आहे. नावापुरतं असेल तर दोन-चार पालकांनी मिळून विचारा.

आणि घरचं मत. फौजी फॉर्म २ भरून सेवा मतदार होतो, म्हणजे नोकरी कुठेही असली तरी त्याचं नाव गावाकडच्या यादीत राहतं. मतपत्रिका ऑनलाइन येते, छापायची, खूण करून टपालाने पाठवायची. सोबत राहणाऱ्या बायकोलाही हा हक्क होता, पण महिला अधिकाऱ्याच्या नवऱ्याला नव्हता. कायद्यात शब्दच ‘पत्नी’ होता. डिसेंबर २०२१ मध्ये तो बदलून ‘जोडीदार’ झाला. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मुलींनी आधी एकमेकींकडे बघितलं आणि मग प्रश्नांची सरबत्ती केली. शांततेच्या ठिकाणी, म्हणजे सीमेपासून दूरच्या पीस पोस्टिंगवर, कुटुंबासह राहत असाल तर तिथल्या यादीत साधे मतदार म्हणूनही नाव घालता येतं. मात्र नाव एकाच ठिकाणी ठेवायचं. तुम्ही कुठे ठेवणार ते तिच्यासमोर बसून ठरवा, आणि मतपत्रिका आली की पाकीट बंद करण्याआधी उमेदवारांची यादी तिला वाचून दाखवा.