ऊती, उतू जाणं आणि ओतप्रोत

प्रश्न असा आहे: वनस्पतिशास्त्रातली ‘ऊती’ (इंग्रजीत टिश्यू, एकत्र काम करणाऱ्या पेशींची वीण) आणि ‘उतू जाणं’ यांचा संबंध आहे का, शिकवणीत तसं सांगितलं. शिवाय झायलेमला, म्हणजे झाडात पाणी वाहून नेणाऱ्या ऊतीला, जलवाहिनी म्हणावं की प्रकाष्ठ?

संबंध नाही, काडीचाही नाही. ‘उतणार नाही, मातणार नाही’ मधलं उतणं वेगळं, ऊती वेगळी. ‘पेशी वाढून उतू जातात म्हणून ऊती’ ही व्युत्पत्ती मी यंदा तिसऱ्यांदा ऐकतोय. त्यात नर्सरीवाल्यांच्या पाट्यांवर ‘उतीसंवर्धित केळी’! एका शब्दात दोन चुका. पहिला ऊ दीर्घ हवा आणि समासात ति ऱ्हस्व हवी: ऊतिसंवर्धित.

ऊती ही संस्कृत ‘वे’ धातूची लेक. वे म्हणजे विणणं, ऊत म्हणजे विणलेलं, ऊति म्हणजे विणकाम. इंग्रजी टिश्यूच्या मुळाशीही जुन्या फ्रेंचमधलं ‘विणलेलं कापड’च आहे आणि हिस्टॉलॉजीतला, म्हणजे ऊतींच्या शास्त्राच्या नावातला, ग्रीक ‘हिस्टॉस’ म्हणजे चक्क माग. नेहेमाया ग्रू या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १६८२ च्या ग्रंथात वनस्पतीच्या अंतर्रचनेला उपमा दिली तीसुद्धा बायका उशीवर विणतात त्या लेसची. तेव्हा ‘ऊती कशाला, सरळ पेशीसमूह म्हणा’ असा सल्ला देणाऱ्या जाणकारांशी माझं जमत नाही. समूह म्हणजे गोळा झालेले. इतवारीच्या बाजारात संध्याकाळी माणसांचा समूह असतो, त्याला कोणी कापड म्हणत नाही. वीण हा अर्थ गेला की शब्दातला जीवच गेला.

याच धातूचा सगळ्यात देखणा नातू म्हणजे ‘ओतप्रोत’. आपल्याकडे तो ‘ओतणे’च्या खात्यावर मांडतात, जणू भावना घागरीने ओतल्यात. मुळात तो मागावरचा शब्द आहे. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते, हे सगळं पाण्यात ओत आणि प्रोत आहे, तर मग पाणी कशात? शंकराचार्य भाष्यात सांगतात: ओत म्हणजे कापडाच्या लांबीतला धागा, प्रोत म्हणजे आडवा, ‘किंवा उलट’. कोष्ट्यांच्या भाषेत ताणा आणि बाणा. धोटा इकडून तिकडे धावतो तो बाणा घेऊन.

‘किंवा उलट’ मला मान्य नाही, आणि त्याला कारण बांबू. आमच्या चौकात बुरूड बसतो, त्याचं काम बघा. दोन गाठींमधल्या पेरात कोयता बसला की बांबू सरळ तडकत जातो, कामट्या एकसारख्या निघतात. गाठ आली की कोयता अडतो, वरून ठोका द्यावा लागतो. कारण पेरातले वाहकपूल, म्हणजे पाणी आणि अन्न वाहणाऱ्या ऊतींच्या जुड्या, सगळे लांबीच्या दिशेने, एकमेकांना समांतर. आडवी जोडणी फक्त गाठीत. पेर म्हणजे नुसता ओत, गाठीत येतो प्रोत. ताणा आधी लागतो, बाणा त्यात भरायचा, म्हणून आधी येणारा ओत हाच उभा. आणि तो बुरूड त्याच कामट्यांची पुन्हा टोपली विणतो! ‘वेत्र’, म्हणजे आपला वेत, हाही विणण्याच्याच घराण्यातला असावा असं माझं ठाम मत आहे. उणादिसूत्रांवर, म्हणजे शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या जुन्या संस्कृत सूत्रांवर, विसंबणारे त्याला दुसरा धातू देतात, पण ज्याच्या खुर्च्या विणतात त्याचं नाव विणण्यावरून पडलं, हे मला जास्त पटतं.

बांबू हाताशी नसेल तर संत्रं सोला. फोडींवर चिकटून राहणारं पांढरं जाळं आपण ओरबाडून टाकतो ना, ते वाहकपूलच आहेत, पाणी नेणारं झायलेम आणि अन्न नेणारं फ्लोएम दोन्ही त्यात.

हो, झायलेम राहिलंच. प्रकाष्ठ म्हणा. नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५८ साली ते नाव ग्रीक ‘झायलॉन’वरून, म्हणजे लाकडावरून घेतलं, आणि काष्ठ म्हणजे तेच. जलवाहिनी हा त्यातला एक घटक झाला. त्याच ऊतीत वाहिनिका (ट्रॅकीड, अरुंद नळीसारख्या पेशी) असतात, तंतू असतात, मूलऊतीच्या (पॅरेन्कायमाच्या) जिवंत पेशी असतात, आणि पाइनच्या झाडात तर खऱ्या वाहिन्या नसतातच. पाठ्यपुस्तकात जलवाहिनी लिहिलं असेल तर परीक्षेत तेच लिहा, गुण जायला नकोत.