पाच वर्षांचा आकडा वाचताना

प्रिय विद्यार्थिमित्रा,

तुझा मसुदा वाचला. कर्करुग्णांचे पाच वर्षे जगण्याचे प्रमाण चार दशकांत कसे वाढत गेले, हे दाखवणारा तुझा आलेख नेटका आहे. मात्र त्याखाली 'उपचार सुधारल्याचा परिणाम' असे जे तू लिहिले आहेस, ते एवढ्या एका रेषेवरून सिद्ध होत नाही.

जगण्याचे सापेक्ष प्रमाण काढताना रुग्णांचे प्रत्यक्ष जगणे हे त्याच वयाच्या, लिंगाच्या व काळातल्या सर्वसामान्य लोकांच्या अपेक्षित जगण्याने भागतात, कारण मृत्यूच्या दाखल्यावरच्या कारणावर नेहमीच विसंबता येत नाही. हे तुला ठाऊक आहेच. पण या हिशेबात वर्षे मोजायला सुरुवात होते ती निदानाच्या दिवसापासून. ज्याचा मृत्यू सत्तराव्या वर्षी होणार, त्याचे निदान सदुसष्टाव्या वर्षी झाले तर तो पाच वर्षे जगलेल्यांत धरला जात नाही. तेच त्रेसष्टाव्या वर्षी झाले तर धरला जातो, आणि आयुष्य मात्र एका दिवसानेही वाढलेले नसते.

दक्षिण कोरियाचे उदाहरण या दृष्टीने नीट अभ्यासण्यासारखे आहे. तेथे १९९९ मध्ये राष्ट्रीय कर्करोग तपासणी मोहीम सुरू झाली. थायरॉईडची सोनोग्राफी तिचा भाग नव्हती, पण थोडे जादा पैसे भरून ती सहज करून मिळत असे. परिणामी २०११ मध्ये थायरॉईड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या सुमारे १५ पट झाले, तर त्या रोगाने होणारे मृत्यू जवळपास होते तिथेच राहिले. ज्या बारीक गाठींनी कधीच त्रास दिला नसता, त्या अंशातही (जगलेल्यांत) आल्या आणि छेदातही (एकूण रुग्णांत), त्यामुळे जगण्याचे प्रमाण शंभर टक्क्यांच्या जवळ पोहोचले. त्यांतल्या बहुतेकांची ग्रंथी काढली गेली आणि गोळ्या जन्मभर मागे लागल्या, हे कोणत्याही आलेखात दिसत नाही.

म्हणून सगळीच वाढ फसवी, असा उलट निष्कर्षही काढू नकोस. तरुण संशोधकांना तो मोह फार होतो. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचे पाच वर्षांचे प्रमाण अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या मध्यात २२ टक्के होते; २००१ मध्ये इमॅटिनिब हे औषध आल्यानंतर ते सुमारे ७० टक्क्यांपर्यंत गेले आणि त्याबरोबर मृत्युदरही उतरला. मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातही हेच घडले. या दोन्ही रोगांसाठी लोकसंख्येची सरसकट तपासणी कधी झालीच नाही, त्यामुळे तिथले श्रेय उपचारांना देताना हात आखडता घेण्याचे कारण नाही. स्वादुपिंडाचे प्रकरण मधले आहे: त्याच देशात ३ टक्क्यांवरून १३ टक्के, पण या आकड्यात संथ वाढणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरके बनवणाऱ्या पेशींच्या) गाठीही मोजलेल्या आहेत.

'सर्व कर्करोग मिळून' ही तुझी मुख्य रेष मला सर्वांत कमकुवत वाटते. अमेरिकेत ती ४९ वरून ६९ टक्क्यांवर गेली खरी. परंतु धूम्रपान घटल्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचा वाटा कमी झाला आणि पीएसए या रक्तचाचणीमुळे प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचा वाढला, तर एकाही रोगाचे प्रमाण न बदलता एकूण सरासरी वर सरकते. तेव्हा प्रत्येक अवयवाचा आकडा वेगळा काढ, वयानुसार प्रमाणित कर (म्हणजे रुग्णांच्या वयातल्या फरकाचा परिणाम वगळ) आणि मगच सगळे एकत्र करायचे की नाही ते ठरव. माझे मत विचारशील तर करू नकोस.

आता कर्करुग्णांच्या नोंदणीविषयी. डेन्मार्कसारख्या देशात १९४३ पासूनच्या राष्ट्रीय नोंदी आहेत आणि त्या नागरिकांच्या नोंदवहीशी जोडता येतात; सगळीकडे तशी सोय नसते. मृत्यूची खबर नोंदणीपर्यंत पोहोचली नाही, तर रुग्ण कागदावर जगतच राहतो. तुझ्या फाइलमध्ये जन्मवर्षावरून आजचे वय काढून बघ: एकशे पंधरा वर्षांचे, स्वादुपिंडाचा कर्करोग झालेले आणि तरीही 'जिवंत' असा शेरा असलेले रुग्ण निघाले, तर पाठपुराव्यात कुठेतरी गळती आहे असे समज. केवळ मृत्यूच्या दाखल्यावरून कळलेले रुग्ण निदानाची तारीख नसल्याने विश्लेषणातून वगळावेच लागतात, पण ते किती टक्के होते हे प्रत्येक कालखंडापुढे लिही; हे बहुधा लवकर दगावलेले रुग्ण असल्याने त्यांना वगळले की आकडा आपोआप सुधारतो.

पुढच्या मसुद्यात प्रत्येक कर्करोगासाठी नव्या निदानांचा दर, मृत्युदर आणि जगण्याचे प्रमाण या तिन्ही रेषा एकाच पानावर, एकाच कालपट्टीवर हव्यात. मृत्युदर उतरलेला नसेल तिथे 'उपचार सुधारले' हे वाक्य तूर्त काढून टाक आणि निदानाच्या वेळचा रोगाचा टप्पा कसा बदलत गेला याचा तक्ता जोड.

कळावे.