गच्चीवर सामायिक डिश: आधी घरोघरी विचारा

सात मजली इमारतीत गच्चीभर डीटीएचच्या छत्र्या (डिश) झाल्यात, अँकर ठोकून ठोकून वॉटरप्रूफिंगची वाट लागलीय, तर सगळ्यांत मिळून एक डिश चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल, पण उपग्रहागणिक एक. टाटा प्लेचा उपग्रह 83 अंश पूर्वेला, डीडी फ्री डिशचा 93.5 ला. एका छत्रीत सगळ्या कंपन्या येत नाहीत. तेव्हा कोटेशन मागवण्याआधी घरोघरी विचारून घ्या: कोणती कंपनी, किती टीव्ही, आणि मुख्य म्हणजे अजून डीटीएच बघतं कोण? निम्मी घरं वायफायवर गेली असतील तर हा खर्च मीटिंगमध्ये मंजूर होणं अवघड.

छत्रीवर क्वाट्रो एलएनबी लागतो (एलएनबी म्हणजे छत्रीसमोर बसणारा, सिग्नल पकडून केबलमध्ये उतरवणारा डबा). त्यातून सिग्नलचे चार पट्टे चार वेगळ्या केबलमधून मल्टिस्विच नावाच्या वाटप करणाऱ्या डब्यात जातात आणि तिथून प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र केबल. घरातला सेट-टॉप बॉक्स त्याच केबलवरून 13 किंवा 18 व्होल्ट आणि गरजेप्रमाणे 22 किलोहर्ट्झचा टोन वर पाठवतो. त्यावरून मल्टिस्विच चारपैकी हवा तो पट्टा त्या घराला जोडून देतो. म्हणून शेजाऱ्यांनी चॅनल बदलला तरी तुमची मालिका हलत नाही. साधा स्प्लिटर, म्हणजे एकाच केबलला फाटे फोडणारा जोड, लावून भागवू म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. क्वाड एलएनबी (चार बॉक्सना थेट जोडायचा) म्हणजे क्वाट्रो नव्हे, बिलावर नाव वाचूनच पैसे द्या.

रिचार्ज मात्र ज्याचं त्याचं. छत्री सामायिक झाली म्हणून एका रिचार्जवर अख्खी सोसायटी बघेल, असं कुणी मीटिंगमध्ये बोललं तर तिथेच थांबवा.

केबलमध्ये कंजुषी नको. चांगल्या आरजी-6 (डिशची नेहमीची केबल) मध्येसुद्धा वरच्या फ्रिक्वेन्सीला 100 मीटरमागे साधारण 30 डेसिबल सिग्नल जातो, त्यामुळे मल्टिस्विच डक्टमध्ये मधल्या मजल्यावर बसवलेला बरा. छत्री 90 सेंटीमीटरची घ्या. मुसळधार पावसात चित्र जायचं ते जाईलच, पण लहान छत्रीपेक्षा उशिरा जाईल आणि लवकर परतेल. आपल्याकडे छत्रीचं तोंड साधारण आग्नेयेकडे येतं, तिकडे पाण्याची टाकी आडवी नको. एफ-कनेक्टरपाशी (केबलच्या टोकाचा फिरकीचा जोड) केबलला खाली झोळ ठेवायला सांगा, म्हणजे पाणी ओघळून खाली पडतं, जोडात शिरत नाही. पावसाळ्यातल्या निम्म्या तक्रारी तिथल्याच.

मल्टिस्विचची वीज कॉमन मीटरवर आणि लिफ्टच्या बॅकअपवर घ्या, नाहीतर लाईट गेली की इन्व्हर्टरवाले सेक्रेटरींना फोन करणार. छत्रीला अर्थिंग हवंच. वार्षिक देखभालीच्या करारात बिघाड कळवल्यावर किती तासांत माणूस येईल ते लिहून घ्या. आणि जुन्या छत्र्या नवीन लाईन प्रत्येक घरात तपासून झाल्यावरच उतरवा.